वीज कंपनीचा शेअर स्वस्त की महाग? दहा वर्षांची 'खरी' रोकड मोजून कसं ओळखायचं

"विजेशिवाय कुणाचं चालणार आहे? हा शेअर घेऊन ठेवा, एफडीपेक्षा जास्त डिव्हिडंड मिळतो." शेअर बाजाराच्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर हा सल्ला कधी ना कधी फिरतो. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं मात्र तपासून पाहावं लागतं, कारण डिव्हिडंड देणारी कंपनी तो कमावलेल्या पैशातून देतेय की कर्ज काढून, हे त्या मेसेजमध्ये लिहिलेलं नसतं.

वीज, गॅस, पाणी अशा रोजच्या गरजा पुरवणाऱ्या कंपन्यांना बाजाराच्या भाषेत 'युटिलिटी' म्हणतात. अशा कंपन्यांचा भाव जोखण्याची एक साधी पद्धत आहे. गेल्या दहा वर्षांत कंपनीच्या हातात दरवर्षी किती रोकड उरली ते काढायचं, प्रत्येक वर्षाचा आकडा महागाईनुसार आजच्या रुपयांत आणायचा, त्यांची सरासरी घ्यायची आणि ती आजच्या भावाशी ताडून पाहायची. गणित शाळेतलंच आहे. अडचण येते ती कुठला आकडा घ्यायचा आणि निघालेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, इथे.

फ्री कॅश फ्लो म्हणजे काय?

समजा तुमची पिठाची गिरणी आहे. विजेचं बिल, कामगाराचा पगार, कर हे सगळं देऊन वर्षाला ३ लाख रुपये उरले. त्यातले ५० हजार मोटर आणि जात्याच्या दुरुस्तीला गेले. गिरणीसाठी काढलेल्या कर्जाचं ४० हजार व्याज भरलं. मग खरोखर तुमच्या हातात राहिले २ लाख १० हजार. हा झाला मालकाचा फ्री कॅश फ्लो, म्हणजे धंदा चालू ठेवण्यासाठीचा सगळा खर्च भागवून मालकाला मोकळेपणाने वापरता येईल अशी रोकड.

आता पुढच्या वर्षी तुम्ही १० लाखांची दुसरी गिरणी टाकली, तर त्या वर्षी हाच आकडा मोठ्या वजाबाकीत जाईल. त्या वर्षापुरता हिशेब पाहणाऱ्याला धंदा बुडतोय असं वाटेल, पण प्रत्यक्षात धंदा वाढतोय.

नफा आणि रोकड यांत फरक पडतो तो इथेच. नफ्याच्या हिशेबात दुसऱ्या गिरणीचे १० लाख एकदम वजा होत नाहीत. ते घसाऱ्याच्या रूपाने अनेक वर्षांत थोडे थोडे वजा होतात. रोकडीच्या हिशेबात मात्र पैसे गेले त्याच दिवशी गेले.

एका वर्षाचा आकडा का फसवतो?

वीज कंपन्यांचा भांडवली खर्च लाटांसारखा येतो. काही वर्षं प्रचंड बांधकाम चालतं, नंतर काही वर्षं ते ओसरतं. देशभर उच्चदाब वाहिन्यांचं जाळं चालवणाऱ्या पॉवर ग्रिडचंच पाहा. २०१७-१८ च्या सुमारास कंपनीचा वार्षिक भांडवली खर्च २५ हजार कोटींच्या आसपास होता. २०२१-२२ आणि २०२२-२३ मध्ये तो ९ हजार कोटींच्या घरात उतरला. पुढे सौर आणि पवन ऊर्जा वाहून नेण्यासाठी नव्या वाहिन्यांची गरज वाढली आणि खर्च पुन्हा चढला.

म्हणजे २०२२-२३ चा आकडा पाहिला तर रोकडीचा पूर आलेला दिसेल आणि २०१७-१८ चा पाहिला तर दुष्काळ. कंपनी तीच, वाहिन्याही त्याच.

दुसरं कारण थकबाकीचं. वीजनिर्मिती कंपन्या वीज विकतात राज्यांच्या वितरण कंपन्यांना, आणि त्या पैसे वेळेवर देतीलच असं नसतं. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने उशिरा पैसे भरण्याबाबतचे नवे नियम आणले, तेव्हा ही थकबाकी सुमारे १ लाख ४० हजार कोटी रुपयांवर गेलेली होती. ती ४८ पर्यंत हप्त्यांत फेडण्याची मुभा देण्यात आली. जुनी बाकी वसूल होते त्या वर्षी कंपनीची रोकड फुगलेली दिसते, पण ती त्या वर्षाची कमाई नसते.

म्हणून सरासरी घ्यायची, आणि तीही बांधकामाची एक पूर्ण लाट सामावेल इतक्या वर्षांची. ही कल्पना जुनी आहे. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ सालच्या 'सिक्युरिटी ॲनालिसिस' या पुस्तकात एका वर्षाच्या नफ्याऐवजी अनेक वर्षांची सरासरी पाहायला सांगितलं होतं. १९८८ मध्ये जॉन कॅम्पबेल आणि रॉबर्ट शिलर यांनी महागाई वजा करून दीर्घ मुदतीची सरासरी वापरली. शिलर यांच्या नावाने आज ओळखलं जाणारं दहा वर्षांचं गुणोत्तर त्यातूनच आलं. इथे आपण नफ्याच्या जागी रोकड ठेवतोय, एवढंच.

महागाई का धरायची?

२०१५-१६ चा एक रुपया आणि २०२४-२५ चा एक रुपया सारखा नाही. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या वार्षिक सरासरीनुसार या नऊ वर्षांत भाव सुमारे ५४ टक्क्यांनी वाढले. तेव्हाचे १०० रुपये म्हणजे आजचे १५४. दोन्ही वर्षांचे आकडे तसेच एकत्र मिळवले, तर मीटर आणि फूट यांची बेरीज केल्यासारखं होईल.

जुन्या आकड्याला कितीने गुणायचं, ते असं. हे गुणक केंद्र सरकारच्या ग्राहक किंमत निर्देशांकावरून काढलेले आणि जवळच्या शंभरांशापर्यंत धरलेले आहेत. २०२४-२५ चा रुपया इथे आधार मानला आहे.

- २०१५-१६ : १.५४
- २०१६-१७ : १.४८
- २०१७-१८ : १.४३
- २०१८-१९ : १.३८
- २०१९-२० : १.३२
- २०२०-२१ : १.२४
- २०२१-२२ : १.१८
- २०२२-२३ : १.१०
- २०२३-२४ : १.०५
- २०२४-२५ : १.००

एक सावधगिरी. घर किंवा जमीन विकताना आयकरासाठी जो 'कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स' वापरतात, तो इथे घेऊ नका. त्यात महागाईतली फक्त ७५ टक्के वाढ धरलेली असते.

आकडे कसे गोळा करायचे?

कंपनीच्या वार्षिक अहवालात रोख प्रवाहाचं पत्रक असतं. एकत्रित म्हणजे 'कन्सॉलिडेटेड' पत्रक घ्या, म्हणजे उपकंपन्याही धरल्या जातात. मग प्रत्येक वर्षासाठी:

१. व्यवसायातून आलेली निव्वळ रोकड घ्या.

२. त्यातून इमारती, यंत्रं, वाहिन्या आणि चालू बांधकामावरचा खर्च वजा करा.

३. भरलेलं व्याज वजा करा. ही पायरी विसरू नका. भारतीय हिशेब मानकांनुसार बँका आणि वित्तसंस्था सोडून इतर कंपन्या भरलेलं व्याज व्यवसायाच्या रकान्यात न दाखवता वित्तपुरवठ्याच्या रकान्यात दाखवतात. त्यामुळे अनेक वेबसाइट्सवर जो तयार 'फ्री कॅश फ्लो' दिसतो, तो व्याज देण्याआधीचा असतो. सॉफ्टवेअर कंपनीसाठी याने फारसं बिघडत नाही. वीज प्रकल्पाचा साधारण ७० टक्के पैसा मात्र कर्जाचा असतो, त्यामुळे तिथे चित्रच बदलतं. भाडेकराराचे हप्ते असतील तर तेही वजा करा.

४. उरलेल्या रकमेला शेअर्सच्या संख्येने भागा, पण आजच्या हिशेबाने. पॉवर ग्रिडने २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये दर ३ शेअर्समागे १ बोनस शेअर दिला. म्हणजे आधी ज्याच्याकडे ९ शेअर्स होते, त्याच्याकडे १६ झाले. जुन्या वर्षाची रोकड जुन्या ९ शेअर्सनी भागून ती आजच्या भावाशी ताडली, तर उत्तर चुकणारच.

५. प्रत्येक वर्षाचा आकडा वरच्या गुणकाने गुणा, बेरीज करा आणि दहाने भागा.

एक उदाहरण

समजा एक काल्पनिक वीज कंपनी आहे. तिच्या शेअरचा आजचा भाव १५० रुपये. व्याज वजा जाऊन प्रत्येक शेअरमागे उरलेली रोकड रुपयांत अशी:

- २०१५-१६ : उणे ४ × १.५४ = उणे ६.१६
- २०१६-१७ : उणे ३ × १.४८ = उणे ४.४४
- २०१७-१८ : उणे २ × १.४३ = उणे २.८६
- २०१८-१९ : १ × १.३८ = १.३८
- २०१९-२० : ६ × १.३२ = ७.९२
- २०२०-२१ : ९ × १.२४ = ११.१६
- २०२१-२२ : १२ × १.१८ = १४.१६
- २०२२-२३ : ११ × १.१० = १२.१०
- २०२३-२४ : ८ × १.०५ = ८.४०
- २०२४-२५ : २ × १.०० = २.००

बेरीज ४३.६६, सरासरी सुमारे ४.३७ रुपये.

आता एकाच कंपनीची तीन चित्रं पाहा. २०२१-२२ चे १२ रुपये धरले तर १५० च्या भावावर ८ टक्के रोकड सुटते, म्हणजे शेअर फारच स्वस्त. शेवटच्या वर्षाचे २ रुपये धरले तर १.३ टक्के, म्हणजे फारच महाग. दहा वर्षांच्या खऱ्या सरासरीने २.९ टक्के. ग्रुपवरचा मेसेज बहुधा पहिल्या चित्राच्या वर्षी येतो.

वजा वर्षंही महागाईने गुणली आहेत, हे लक्षात घ्या. बांधकामाची वर्षं जुनी आणि कमाईची वर्षं अलीकडची असतील, तर महागाई धरल्यावर सरासरी फारशी वाढत नाही. इथे महागाई न धरता सरासरी ४ रुपये येते, धरून ४.३७. तेव्हा घातलेला रुपया आजच्या रुपयापेक्षा मोठा होता, हे त्यातून दिसतं.

सरासरीवरून योग्य भाव कसा काढायचा?

सरासरी रोकडीला अपेक्षित परताव्याने भागायचं. पण हा परतावा महागाई वजा करून घ्यायचा. नेहमीची चूक होते ती इथे. रोकड महागाई काढून मोजलेली आणि परतावा मात्र महागाईसकट, म्हणजे ११-१२ टक्के, अशी सरमिसळ केली तर ४.३७ भागिले ०.११ म्हणजे जेमतेम ४० रुपये भाव निघतो आणि जवळपास प्रत्येक शेअर महाग वाटतो.

मग दर कोणता घ्यायचा? सरकारी रोखे साधारण साडेसहा-सात टक्के देतात आणि रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के आहे, असं धरू. म्हणजे जोखीम न घेता अडीच-तीन टक्के खरा परतावा मिळतो. शेअरची जोखीम घ्यायची तर त्यावर दोन-तीन टक्के तरी हवेत. म्हणून ५ टक्के हा मधला दर.

- ४ टक्क्यांनी : सुमारे १०९ रुपये
- ५ टक्क्यांनी : सुमारे ८७ रुपये
- ६ टक्क्यांनी : सुमारे ७३ रुपये

हाच हिशेब उलटा वाचला तर जास्त उपयोगी पडतो. ५ टक्के परतावा हवा असणारा माणूस १५० रुपये मोजत असेल, तर कंपनीची रोकड महागाईच्या वर दरवर्षी सुमारे २ टक्क्यांनी, कायमची वाढत राहील असं तो गृहीत धरतोय. आता प्रश्न सोपा होतो. हे गृहीत तुम्हाला पटतं का?

भारतातली खरी मेख: परतावा जुन्या किमतीवर

याचं उत्तर देण्यासाठी वीज कंपनीची कमाई ठरते कशी, ते समजून घ्यावं लागतं. नियमित दरांवर चालणाऱ्या केंद्रीय प्रकल्पांचे दर केंद्रीय वीज नियामक आयोग पाच-पाच वर्षांसाठीच्या नियमांनी ठरवतो. सध्या २०२४ ते २०२९ चे नियम लागू आहेत. प्रकल्पाचा ७० टक्के पैसा कर्जाचा आणि ३० टक्के भागभांडवल, असं साधारण धरलं जातं. भागभांडवलावर ठरावीक परतावा मिळतो. वीजवाहिन्यांसाठी तो बराच काळ १५.५ टक्के होता. २०२४ पासूनच्या नव्या वाहिनी प्रकल्पांसाठी तो १५ टक्के आहे.

पण हा परतावा मिळतो तो प्रकल्प बांधला तेव्हाच्या किमतीवर. १०० कोटींची वाहिनी, त्यात ३० कोटी भागभांडवल, त्यावर १५.५ टक्के म्हणजे वर्षाला ४ कोटी ६५ लाख. हा आकडा पहिल्या वर्षीही तोच आणि दहाव्या वर्षीही जवळपास तोच. २०१५-१६ पासून मिळणाऱ्या त्या रकमेची २०२४-२५ मधली खरेदीची ताकद सुमारे ३ कोटींवर आली. ब्रिटनमध्ये नियामक संस्था वीज आणि गॅसच्या जाळ्यांची मूळ मालमत्ताच दरवर्षी महागाईनुसार वाढवून धरते. आपल्याकडे तसं होत नाही.

स्पर्धात्मक बोलीतून मिळालेल्या वाहिन्यांचं वेगळं आहे. तिथे दर बोलीतच ठरतो आणि करार ३५ वर्षांपर्यंत चालतो. पण कमाई महागाईबरोबर आपोआप वाढत नाही, हे तिथेही तितकंच खरं.

याहून सूक्ष्म मुद्दा घसाऱ्याचा. दरात घसाऱ्याची रक्कमही वसूल होते, आणि ती अशा बेताने ठरवलेली असते की साधारण पहिल्या १२ ते १५ वर्षांत कर्जाची मुद्दल फिटावी. म्हणजे नवं बांधकाम थांबलेल्या वर्षांत जी भरघोस रोकड दिसते, तिचा मोठा हिस्सा कमाई नसून घातलेलं भांडवल परत येणं असतं. त्यातला बराचसा बँकांना परत द्यायचा असतो. कंपनीने काहीच नवं बांधलं नाही, तर रोकड छान दिसत राहील आणि खाली मालमत्ता बर्फाच्या लादीसारखी वितळत जाईल.

म्हणून सरासरीबरोबर दोन गोष्टी पाहा. पहिली, दहा वर्षांच्या सुरुवातीची आणि शेवटची निव्वळ स्थावर मालमत्ता, चालू बांधकाम धरून. सुरुवातीला शेअरमागे २०० रुपये असेल तर महागाई धरून ती आज ३०८ व्हायला हवी. त्याहून जास्त असेल तर कंपनी खरोखर वाढली आहे आणि सरासरी रोकड तिची कुवत कमी दाखवतेय. कमी असेल तर उलट. दुसरी गोष्ट, याच काळात निव्वळ कर्ज किती वाढलं. मालमत्ता वाढली पण कर्ज त्याहून वेगाने वाढलं, तर ती वाढ अजून तुमच्या मालकीची झालेली नाही.

डिव्हिडंडची परीक्षा

दहा वर्षांत वाटलेल्या डिव्हिडंडची बेरीज करा आणि ती दहा वर्षांच्या रोकडीच्या बेरजेशेजारी मांडा. वरच्या कंपनीची रोकड, महागाई न धरता, दहा वर्षांत शेअरमागे ४० रुपये होती. तिने ५५ रुपये डिव्हिडंड वाटला असेल, तर वरचे १५ रुपये कर्जातून, नवे शेअर विकून किंवा मालमत्ता विकून आले.

यात प्रत्येक वेळी काळंबेरं असतंच असं नाही. ७० टक्के कर्ज काढून वाहिन्या बांधायच्या आणि नियमित परतावा घ्यायचा, हीच या धंद्याची रचना आहे. शिवाय सरकारी कंपन्यांना डिव्हिडंडबाबत केंद्राचे निर्देश आहेत. २०२४ च्या नियमांनुसार नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मूल्याच्या ४ टक्के, यांपैकी जास्त असेल तेवढा किमान डिव्हिडंड अपेक्षित असतो. त्यात रोकड किती उरली हा निकष नाही. म्हणून 'डिव्हिडंड मिळतोय म्हणजे पैसा आहे' हा निष्कर्ष धोक्याचा. एफडीच्या व्याजाशी तुलना करणाऱ्या निवृत्त माणसाला हा फरक कळणं सगळ्यात गरजेचं आहे, कारण कर्जावर चालणारा डिव्हिडंड व्याजदर चढले की आधी आटतो.

ही पद्धत कुठे चालत नाही?

दहा वर्षांचा इतिहासच नसलेल्या नव्या सौर आणि पवन ऊर्जा कंपन्यांना ती लागू पडत नाही. त्यांची सगळी वर्षं बांधकामाचीच असतात.

मोठं विलीनीकरण, विभाजन किंवा मालमत्ता विक्री झाली असेल तिथेही जपून. पॉवर ग्रिडने २०२१ मध्ये आपल्या काही वाहिन्या एका इन्व्हिटकडे सोपवल्या. अशा व्यवहारात एकदम पैसा येतो आणि पुढची कमाई त्या प्रमाणात कमी होते.

आणि जिथे नियमच बदलतात, तिथे मागची सरासरी पुढचं सांगत नाही. मुंबईत पाइप गॅस आणि सीएनजी पुरवणाऱ्या महानगर गॅससारख्या शहरी गॅस कंपन्यांना मिळणारा स्वस्त देशी गॅस ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये कमी करण्यात आला, तेव्हा या कंपन्यांचे शेअर्स जोरात घसरले. दहा वर्षांच्या आकड्यांत याचा मागमूसही नव्हता.

थोडक्यात

शेअर कधी घ्यावा किंवा विकावा, हे ही पद्धत सांगत नाही. आजच्या भावात तुम्ही भविष्याबद्दल काय गृहीत धरताय, ते मात्र ती उघड करते. त्यासाठी दहा वार्षिक अहवाल आणि एक संध्याकाळ पुरते. पुढच्या वेळी ग्रुपवर 'वीज कायम लागणारच' असा मेसेज आला, तर तीन प्रश्न विचारा. दहा वर्षांची सरासरी रोकड किती? ती व्याज देऊन उरलेली आहे का? आणि त्या काळात कर्ज किती वाढलं? उत्तरं मिळाली तर त्या सल्ल्यावर विचार करायला हरकत नाही.